गाळ्यात देव, दाराला शटर

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला, म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देते आहे: कारखान्यांच्या वसाहतीत उभी राहिलेली प्रार्थनास्थळं. पत्रं थोडी कापली आहेत. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम काढून टाकली आहे, ती म्हणजे धर्माचं नाव. जिथे ते सांगितल्यावाचून प्रश्नच कळणार नाही तिथेच ठेवलंय. नाव वाचलं की वाचणारा आधी बाजू घेतो आणि मग नियम वाचतो, असा माझा अनुभव आहे. मी तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, मंजूर करून घेतले, गाळे मोजले. उत्तरं त्या अनुभवावरूनच देते.

प्रश्न: ताई, भांडुपला एलबीएस मार्गालगतच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा पॅकिंगचा गाळा आहे. समोरचा बाराशे फुटांचा गाळा दोन वर्षांपूर्वी विकला गेला. लेथ मशिनं गेली, टाइल्स आल्या, एसी आले, आणि आता आठवड्यातून एकदा तिथे दीडशेच्या आसपास माणसं प्रार्थनेला जमतात. त्या वेळात लिफ्टमधून आमचा माल उतरत नाही, जिना चपलांनी भरलेला असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर मलाच धर्मविरोधी ठरवलं. वॉर्डात तक्रार दिली, तिचंही उत्तर आलं नाही. हे कायद्यात बसतं का?

उत्तर: भाऊ, आधी तुमच्या तक्रारीच्या अर्जाबद्दल बोलते. त्याची प्रत तुम्ही जोडली होती. त्यात दीड पान त्या लोकांबद्दल आहे आणि गाळ्याबद्दल दोन ओळी. ते उलटं करा. कोण जमतं, कुठली भाषा बोलतात, कुठून येतात याचा नगररचना कायद्याशी काहीही संबंध नाही. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने त्यांना उपासनेचा जो हक्क दिलाय तोच तुम्हाला दिलाय, आणि तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन आहे, हेही दोघांना सारखंच लागू आहे. तुमची खरी तक्रार जिन्याची आहे. ती लिहा.

आता कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात 'विकास' या शब्दाची व्याख्या कलम २(७) मध्ये आहे. आपल्याला विकास म्हणजे बांधकाम वाटतं, पण त्या व्याख्येत इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. म्हणजे एक वीट न हलवता, लेथ काढून सतरंजी अंथरली तरी तो कायद्याच्या भाषेत विकास झाला, आणि त्याला परवानगी लागते. तुमच्या इस्टेटच्या मंजूर नकाशात त्या खोलीवर 'इंडस्ट्रियल गाळा' असं लिहिलेलं असेल, तर तिथल्या नव्या वापराला वापरबदलाची परवानगी घेतली का, हा पहिला प्रश्न. ती मिळू शकते का, हे मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठीच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत भूखंडाचा झोन आणि समोरच्या रस्त्याची रुंदी लावून बघावं लागतं. सिटी सर्व्हे नंबर टाकून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या भूखंडाची काय नोंद आहे त्याचा कागद, काढा, झोन कळेल. आणि आधी मालकाची हद्द तपासा: भूखंड एमआयडीसीचा असेल, जसा अंधेरीला मरोळला आहे, तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी असतं. तिथे वॉर्डात चपला झिजवून उपयोग नाही.

पण माझ्या मते झोनपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत प्रत्येक वापराला माणसांचा एक हिशेब धरलाय. औद्योगिक वापराला दर माणशी १० चौरस मीटर.  बाराशे फूट म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. कारखाना म्हणून त्या गाळ्याचा हिशेब ११ माणसांचा आहे. जिना, दरवाजा, पॅसेज, संडास, सगळं त्या मजल्यावरच्या अशा अकरा-अकरा माणसांच्या गाळ्यांसाठी आखलेलं.  तुम्ही लिहिता दीडशे.

आणि दार. त्याच संहितेत बाहेर पडायच्या वाटेला सरकतं किंवा वर गुंडाळलं जाणारं दार चालत नाही. गाळ्याला असतं काय? रोलिंग शटर.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९४ साली मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायला होते. उपनगरातल्या एका मंडळाने वरच्या मजल्यावरचा गाळा घेतला होता. सगळ्यांना माहीत होतं की तिथे प्रार्थना होणार. मला सांगितलं, खोलीवर 'गोदाम' लिही. मी लिहिलं. अक्षर माझं आहे, आजही डोळ्यांपुढे आहे, ट्रेसिंग पेपरवर शाईने स्टेन्सिल धरून काढलेलं. पुढच्या वर्षी सणाच्या दिवशी मीटरच्या पॅनेलमधून धूर आला. आग अशी लागलीच नाही, पण लोक उठले आणि धावले. शटर अर्ध्यावर होतं, उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून कुणीतरी खाली ओढलेलं. पुढची माणसं वाकून निघत होती आणि मागची त्यांच्यावर येत होती. जिन्यात चपलांचा ढीग. एक आजी त्या चपलांवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा जिन्यात अजून चपला पडून होत्या. मी त्या मोजल्या. एकट्या-दुकट्या सोडून ८८ जोड. मी ज्याला गोदाम लिहिलं होतं त्या खोलीतून इतकी माणसं पायात काही न घालता पळाली होती.

तेव्हापासून कुठल्याही गाळ्यात गेले की आधी जिना बघते. तुम्हीही तेच करा. सलग चार आठवडे, त्याच वेळेला, जिन्यातले जोड मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. फोटो जिन्याचा काढा, माणसांचा नको. जिन्याची रुंदी टेपने घ्या. दाराला शटर आहे की उघडणारं दार, दुसरी वाट आहे का, पोटमाळा चढवलाय का. पोटमाळा असेल तर ते वेगळं अनधिकृत बांधकाम होतं, आणि मुंबईत त्याला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ खाली नोटीस निघते. २०१७ च्या डिसेंबरात खैरानी रोडवर फरसाणच्या कारखान्याला आग लागून १२ कामगार गेले, आणि अकराच दिवसांनी कमला मिल आवारात १४ जण गेले. दोन्हीकडे देवाधर्माचा संबंध नव्हता. माणसं होती, आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

मग अर्ज तीन ठिकाणी द्या: वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात पदनिर्देशित अधिकाऱ्याला, अग्निशमन दलाला आणि तुमच्या प्रिमायसेस सोसायटीला. अग्निशमनच्या अर्जात एक वाक्य नक्की घाला, की इमारतीचं जानेवारी आणि जुलैचं प्रपत्र बी कोणता वापर धरून दिलंय ते कळावं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक कायद्याखाली अग्निसुरक्षेची साधनं चालू असल्याचं हे सहामाही प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर सही करणारी लायसन्स एजन्सी दीडशे माणसांचा वापर डोळ्याआड करून सही करू शकत नाही. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा, ३० दिवसांची मुदत आहे.

आणि भाऊ, हे सगळं करण्याआधी एकदा समोरच्या गाळ्याची कडी वाजवा. मी सांगते म्हणून वाजवा. चपलांसाठी आत रॅक लावणं, शटर पूर्ण वर करून कुलूपपट्टी घालणं, माल उतरवायची वेळ सोडून जमणं, हे तीन विषय चहावर सुटतात. परवानगीचा विषय चहावर सुटणार नाही, तो त्यांना अर्ज करूनच सोडवावा लागेल. पण तुमच्याच मजल्यावर दुसऱ्या एखाद्या गाळ्यात कुणी जिम काढली असेल किंवा कोचिंग क्लास, तर अर्जात तेही लिहा. पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, 'क्लासची पोरं' म्हणून. तोही वापरबदलच आहे. एकाचं मोजून दुसऱ्याचं सोडलं, तर मीटिंगमध्ये तुम्हाला जे ऐकावं लागलं त्यावर तुमच्याकडे उत्तर राहणार नाही.

प्रश्न: मी कांदिवलीच्या एका छोट्या धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त आहे. औद्योगिक वसाहतीतला गाळा आम्ही वर्गणी काढून घेतला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, लाइट बिल ट्रस्टच्या नावावर आहे, मालमत्ता कर भरतो. तरी नोटीस आली. आता काय? आणि नवी मुंबईत एवढं मोठं मंदिर पाडलं, तसं आमचंही होईल का, ही भीती सगळ्यांच्या मनात आहे.

उत्तर: काका, तुमच्याकडची तिन्ही कागदपत्रं खरी आहेत आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. धर्मादाय नोंदणी सांगते की विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय. जागेचा वापर बरोबर की चूक हे ते कार्यालय बघत नाही. कराचंही तसंच. सार्वजनिक उपासनेसाठीच वापरल्या जाणाऱ्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम १४३ खाली सर्वसाधारण करातून सूटसुद्धा आहे, पण कर लावला किंवा माफ केला म्हणून बांधकाम आणि वापर अधिकृत ठरत नाही. मला भेटलेल्या बहुतेक विश्वस्तांचा इथेच घोळ होतो. गाळा विकणारा सांगतो 'सगळे पेपर क्लिअर आहेत', आणि ते क्लिअर असतातही, पण कारखान्यासाठी.

नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते आधी बघा. नगररचना अधिनियमाचं कलम ५३ असेल तर त्याच कलमाच्या पोटकलम (३) मध्ये तुमच्यासाठी वाट आहे: नोटिशीतल्या मुदतीच्या आत कलम ४४ खाली तो वापर चालू ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने वापर बंद होत नाही. मुदतीच्या आत, हे शब्द अधोरेखित करा. मंडळाची सभा बोलवू, सगळ्यांना विचारू, सण होऊन जाऊ दे, यात ती मुदत जाते. आजच लायसन्सधारक आर्किटेक्ट गाठा, आणि त्याला खोलीवर 'प्रार्थना सभागृह' असंच लिहायला सांगा. दुसरं काही लिहू देऊ नका.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. झोन भूखंडाला लागतो, एकट्या गाळ्याचा झोन बदलत नाही. विकास आराखड्यात बदल करायचा तर कलम ३७ ची प्रक्रिया आहे, हरकती-सूचना मागवून शासनाची मंजुरी. वीस सभासदांच्या ट्रस्टला एका गाळ्यासाठी ती झेपणार नाही. अर्ज फेटाळला गेला तर जागा बदलायची तयारी ठेवा, आणि ते करताना लक्षात असू द्या की ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. पुढच्या वेळी वर्गणीचा पहिला रुपया घ्यायच्या आधी नकाशा बघा. वर्गणी देणाऱ्या बायका महिन्याच्या सामानातून पैसे काढून देतात, हे मी पाहिलंय. त्यांच्या पैशाला नोटीस लागू नये.

नवी मुंबईचं म्हणता ते पावणे एमआयडीसीतलं बावखळेश्वर मंदिर. ते नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडलं. तुमची गोष्ट वेगळी आहे. तिथे एमआयडीसीच्या मालकीच्या सुमारे ३२ एकर जागेवर, म्हणजे दुसऱ्याच्या, सार्वजनिक जमिनीवर बांधकाम होतं. उच्च न्यायालयाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. सार्वजनिक जागांवरच्या अशा बांधकामांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे: मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, कशाच्याही नावाने रस्ता, बाग किंवा सार्वजनिक जागेत नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आधीच्यांचा निर्णय एकेक प्रकरण बघून घ्यायचा. त्यावरून राज्य सरकारने ५ मे २०११ ला शासन निर्णय काढला आणि तीन पर्याय ठरवले, नियमित करणं, हलवणं किंवा काढणं. तुमचा गाळा तुम्ही विकत घेतलाय, जमीन बळकावलेली नाही. तुमचा दोष परवानगीचा आहे. बांधकाम नकाशाप्रमाणे असेल तर तोडफोडीचा प्रश्न येत नाही, वापर थांबवायचा प्रश्न येतो.

आणि काका, कुणी तुम्हाला १९९१ च्या उपासना स्थळ कायद्याचा आधार सांगितला असेल, तर तो सोडून द्या. तो १५ ऑगस्ट १९४७ ला ज्या स्थळाचं जे धार्मिक स्वरूप होतं ते तसंच ठेवण्याबद्दल आहे. कांदिवलीच्या गाळ्याला तो परवानगी देत नाही.

प्रश्न: आमच्या गल्लीच्या एका बाजूला चाळी आणि दुसऱ्या बाजूला कारखाने. कारखान्यांच्या बाजूच्या प्रार्थनास्थळाचा भोंगा पहाटे पाचला सुरू होतो. ते म्हणतात इंडस्ट्रियल एरिया आहे, इथे ७५ डेसिबल चालतं. (कुर्ला)

उत्तर: दिवसा औद्योगिक क्षेत्राची मर्यादा ७५ आहे आणि रात्री ७०, इतकं त्यांचं बरोबर. पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवस सकाळी ६ ला सुरू होतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त जागा सोडून लाउडस्पीकर लावताच येत नाही. पहाटे पाचला म्हणूनच डेसिबलचा प्रश्नच उरत नाही. सहानंतरही लेखी परवानगी लागते. रहिवासी बाजूची दिवसाची मर्यादा ५५, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० हून जास्त वर जाऊ शकत नाही, म्हणजे तुमच्या चाळीच्या बाजूने ६५. पोलीस ठाण्यात तक्रार लेखी द्या, वेळ घड्याळ बघून लिहा. गणपतीत तुमच्या मंडळालाही हेच आकडे आहेत.

प्रश्न: मी पार्ल्याची. माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिथल्या मराठी आणि गुजराती कुटुंबांनी मिळून मंदिरासाठी औद्योगिक भागातलं एक जुनं वेअरहाउस बघितलं. गावाच्या बोर्डाने सांगितलं, या झोनमध्ये प्रार्थनास्थळ बसत नाही. मुलगा म्हणतो हा सरळ भेदभाव आहे. तुमचा विषय भारताचा, पण तरी विचारते.

उत्तर: वहिनी, विचारलंत ते बरं केलंत, कारण तिथला कायदा आपल्याकडे नसलेला एक प्रश्न विचारतो आणि मला तो प्रश्न आवडतो.

छोट्या मंडळींना वेअरहाउस परवडतं, मोठी छताखालची जागा मिळते, रविवारी पार्किंग रिकामं असतं. तिथेही आपल्या गाळ्यांसारखंच होतं. गावाचं म्हणणं असतं की उद्योगांची जागा गेली, कर गेला, ट्रकच्या रस्त्यावर लहान मुलं येतात. यासाठी अमेरिकेत २००० साली एक केंद्रीय कायदा झाला, त्याला तिथे आद्याक्षरांवरून 'रलुइपा' म्हणतात. जमीनवापराच्या नियमामुळे उपासनेवर मोठा अडसर येत असेल, तर गावाला अतिशय सबळ सार्वजनिक कारण दाखवावं लागतं, आणि त्यासाठी कमीत कमी जाचक मार्ग निवडलाय हेही. त्याच कायद्यात दुसरं एक कलम आहे, समान अटींचं: धर्मेतर कारणाने लोक जमतात त्या जागांना जी वागणूक, त्याहून वाईट प्रार्थनास्थळाला देता येणार नाही.

मुलाला सांगा, भेदभाव हा शब्द उच्चारायच्या आधी गावाची झोनिंगची यादी काढून वाच. त्या औद्योगिक झोनमध्ये क्लब, सभागृह, युनियन हॉल, जिम यांना परवानगी आहे का? असेल आणि मंदिरालाच नसेल, तर त्यांची बाजू भक्कम. लोक जमण्याच्या कुठल्याच जागेला नसेल, तर अवघड. न्यू जर्सीतच लाँग ब्रँच शहराविरुद्ध एका ख्रिस्ती संस्थेचा खटला झाला. २००७ मध्ये अपील न्यायालयाने एकाच निकालात दोन्ही गोष्टी सांगितल्या. शहराच्या जुन्या नियमात सभागृहाला मुभा होती आणि चर्चला नव्हती, तिथे संस्थेच्या बाजूने. नव्या पुनर्विकास आराखड्याबाबत मात्र शहराच्या बाजूने.

न्यू जर्सीत आणखी एक सोय आहे. झोनमध्ये न बसणाऱ्या वापरासाठी सवलत मागताना तिथली न्यायालयं प्रार्थनास्थळाला मुळातच लोकहिताचा वापर मानत आली आहेत. मग बोर्ड फायदा आणि त्रास तोलतं, आणि त्रास अटी घालून कमी करता येतो का ते बघतं. म्हणून पहिल्याच बैठकीला वकील नेऊन भांडण्यापेक्षा वाहतुकीचा अभ्यास, पार्किंगचा नकाशा आणि दिवाळीला किती गाड्या येतील याचा खरा आकडा न्यावा. खरा आकडा. नेहमीचे ६० आणि दिवाळीला ६०० असतील, तर ६०० सांगायचं.

आपल्याकडे नसलेला प्रश्न म्हणाले तो हाच. आपल्या नोटिशीत 'हा वापर यादीत आहे का' एवढंच विचारतात. यादी करताना बँक्वेट हॉल कुठे बसवला आणि प्रार्थनेची जागा कुठे, त्याची तुलना कुणी मांडायला सांगत नाही. आमच्या पिढीच्या नियोजनकारांनी ती मांडायला हवी होती. हजारो कामगार जिथे दिवसाचे बारा तास काढतात, त्या वसाहतींच्या आखणीत ट्रान्सफॉर्मरला जागा ठेवली, कँटीनला ठेवली, आणि देवाला ठेवली नाही. मग तो गाळ्यात आला, फुटपाथवर आला, कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसला. हे मी कायद्याचं मत म्हणून सांगत नाही, पण तीस वर्षांनी माझं मत हेच आहे.

प्रश्न: मी विक्रोळीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. आवारात मारुतीचं छोटं देऊळ आहे, १९७० च्या सुमाराला कामगारांनी वर्गणीतून बांधलेलं. कंपनी बंद झाली, जागा बिल्डरला गेली, टॉवर येणार म्हणतात. देवळाचं काय होणार? आम्ही म्हातारे सात-आठ जण अजून शनिवारी जातो. वॉचमन सोडतो आम्हाला.

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. खंडेनवमीला ते मला खात्यात घेऊन जायचे. सगळे साचे बंद, इतकी शांतता की कान दुखायचे, आणि प्रत्येक साच्याला झेंडूची माळ. मग फाटकाजवळच्या मारुतीला नारळ. १९८२ चा संप झाला, गिरणी पुढे कायमची थांबली, पण वडील शनिवारी तेल घालायला जात राहिले. त्यांनाही वॉचमनच सोडायचा. म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. कायद्याच्या दृष्टीनेही ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सार्वजनिक विश्वस्त कायद्यात, म्हणजे १९५० च्या, 'मंदिर' म्हणजे सार्वजनिक उपासनेची जागा जी समाजाला किंवा समाजाच्या एखाद्या गटाला अर्पण केलेली आहे, त्यांच्यासाठी आहे, किंवा ते हक्काने वापरतात. हक्काने, हा कळीचा शब्द. मालकाच्या किंवा वॉचमनच्या मर्जीने आत जाता येत असेल तर बिल्डर म्हणेल, हे खासगी देवघर आहे. वर्षानुवर्षं बाहेरची माणसंही मुक्तपणे येत होती, वर्गणी कामगारांची होती, उत्सव कामगार ठरवत होते, हे दाखवता आलं तर चित्र बदलतं. तेव्हा पुरावा गोळा करा, लवकर करा. वर्गणीची वही, हनुमान जयंतीच्या पत्रिका, युनियनच्या अहवालातला उल्लेख, कुणाच्या लग्नानंतर दर्शनाला गेल्याचा फोटो ज्यात मागे देऊळ दिसतं. सात-आठ जणांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर लिहून ठेवा. तुमची वयं बघता हे पुढच्या महिन्यावर टाकू नका, माफ करा, पण स्पष्ट सांगते. मिळकत पत्रिका काढा, आणि जुन्या विकास आराखड्यांच्या शीटवर तिथे काही खूण आहे का ते बघा.

ट्रस्ट नोंदलेला नसेल तर नोंदणीचा अर्ज करता येतो. निकालाला वेळ लागेल, पण अर्ज दाखल झाल्यावर बिल्डर तुमच्याशी बोलायला बसतो, हे मी पाहिलंय.

आणि बोलायला बसलात की पुतळे, संगमरवर, कळस यावर जाऊ नका. ते सगळं देऊ म्हणतात. औद्योगिक जमीन निवासी होताना नवा ले-आउट मंजूर होतो, त्या ले-आउटवर देवळाची जागा मापासकट काढून मागा. जागा फाटकाकडे असावी, टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांच्या सामाईक गच्चीवर नको. पोडियमवर गेलं की तुमच्या वॉचमनची जागा लिफ्टचं कार्ड घेतं. रस्त्याकडून वेगळी वाट, तीही नकाशावर लाल शाईत. तोंडी आश्वासनावर कुणी मूर्ती हलवू देऊ नका. मूर्ती तात्पुरती हलवायचीच असेल तर कुठे, किती दिवस, परत कधी, हे करारात येऊ दे.

मोजणी होईल त्या दिवशी तुमच्यातल्या दोघांनी तिथे उभं राहा. सर्व्हेअरला गाभाऱ्याचं माप घ्यायला लावा, पारासकट. पिंपळ असेल तर त्याचा बुंधाही नकाशावर दाखवायला सांगा. ते विसरतात. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा.